एकशे बारा झडपांची हजेरी

सोमवार, ४ ऑगस्ट

सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते, कारण याच मिनिटाला मला या नोकरीतला पहिला गैरप्रकार दिसला, आणि गैरप्रकार वेळेसकट लिहून ठेवायचा हे आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टरांनी छडीच्या धाकाने शिकवलं होतं. पण आधी चांगलं लिहिते, नाहीतर ताई म्हणेल, गेलीस नाही तोच नाक मुरडलंस.

चांगलं पुष्कळ आहे. निवृत्त झाल्यावर नऊ वर्षांनी मला पुन्हा एक टेबल मिळालं. इस्पितळाचा चौथा मजला, हृदयविभागाचं अगदी शेवटचं दार, खिडकी पूर्वेला. खुर्ची फिरते. टेबलावर फोन, जाडजूड नोंदवही, आणि चहाची किटली, जी आजपर्यंत कुणी घासलेली नव्हती. ती मी घासली. पगार हसण्यासारखा आहे, पण सकाळी उठून साडी नेसायला कारण मिळालं, तेवढ्याने माझी पाठ सरळ झाली.

काम असं. हृदयातून अंगभर रक्त जिथून बाहेर पडतं त्या दारावरची झडप म्हातारपणी कडक होते. मग ती बदलतात. कुणाची छाती उघडून, कुणाची मांडीतल्या शिरेतून नळी सरकवून, छाती न उघडता. यातले कोण जास्त जगतात, याचा आमचे मोठे डॉक्टर पाच वर्षं अभ्यास करताहेत. एकशे बारा माणसं आहेत. मी त्यांना आळीपाळीने फोन करायचा, दम लागतो का, पाय सुजतात का विचारायचं आणि वहीत तीनपैकी एक शेरा मारायचा: आहे, नाही, किंवा संपर्क तुटला. बत्तीस वर्षं मी शाळेची हजेरी आणि परीक्षा सांभाळली. हे काम मला डाव्या हाताने जमेल.

आता गैरप्रकार. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर मोठा आलेख आहे. दोन रेघा, छाती उघडलेल्यांची लाल, नळीवाल्यांची निळी. दोन्ही जिन्यासारख्या पायरी पायरीने खाली उतरतात. एक माणूस गेला की एक पायरी. अभ्यासाला अजून पुरती तीन वर्षंही झालेली नाहीत, आणि दोन्ही रेघा पाचव्या वर्षापर्यंत छापलेल्या! प्रत्येक पायरीखाली बारीक तारीख.

मी आकडेमास्तरांना जाब विचारला. विभागातली सगळी आकडेमोड हे गृहस्थ करतात, म्हणून त्यांना हे नाव. पंचावन्नच्या आसपासचे, खोकला, कानावर पेन्सिल. म्हणाले, बाई, छापलेला तो अंदाज आहे, खरी रेघ मी पेन्सिलीने काढतो, तुमच्या फोनांवरून. मी म्हटलं, म्हणजे परीक्षेआधी निकाल छापून मोकळे झालात. ते हसले. हसण्याचा आवाज काही आला नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

माझ्या आधी या खुर्चीवर जी कोणी बाई बसत होती तिला मी ओळखत नाही आणि ओळखायची इच्छाही नाही. नोंदवही चाळली. एकशे बारापैकी एक्केचाळीस जणांपुढे तिने एकाच गोलगोल अक्षरात लिहून ठेवलंय: संपर्क तुटला, संपर्क तुटला. नियम असा की तीन वेगवेगळ्या दिवशी तीन फोन कोरे गेले तरच तो शेरा मारायचा. हिला एक्केचाळीस घरांत कुणी फोन उचलला नाही म्हणे!

आणि कहर म्हणजे निळ्या यादीत क्रमांक सत्तावीस. ती माझी ताई. माझी सख्खी थोरली बहीण, जिची झडप पावणेदोन वर्षांपूर्वी याच इस्पितळात नळीने बदलली, जी माझ्याबरोबर दोन खोल्यांत राहते, जी चुकून लागलेल्या फोनवरच्या माणसाशीही अर्धा तास गप्पा मारते आणि ठेवताना त्याच्या मुलांना आशीर्वाद देते. तिचा संपर्क तुटला! मी तिथल्या तिथे लाल शाईने ते खोडलं, शेजारी ‘आहे’ लिहिलं, तारीख घातली, सही केली.

संध्याकाळी ताईला सांगितलं तर पोट धरून हसली. म्हणाली, छोटे, बरं झालं बाई शोधून काढलंस मला, मी कधीची हरवले होते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

हरवलेल्यांना शोधणं माझं आवडतं काम झालंय. नंबर बदलला असेल तर पत्ता काढते, पत्ता बदलला असेल तर शेजारी. परवा तीन ठिकाणी स्वतः जाऊन दाराखालून चिठ्ठी सरकवून आले: ‘आम्हाला तुमची काळजी वाटते, कृपया फोन करावा.’ तिघांचेही फोन आले.

माणसं मजेची आहेत. लाल यादीतला एक शिंपी म्हणतो, बाई, छातीवरची टाके मारायची पद्धत बघून मला रडू आलं, मी असतो तर काज-बटण केलं असतं. त्याच यादीत एक घड्याळजी आहेत, त्यांना धातूची झडप बसवलीय. ते फोन छातीला लावून मला तिची टिकटिक ऐकवतात आणि विचारतात, मागे तर पडत नाही ना? निळ्या यादीत एक पोहण्याचे मास्तर आहेत. त्यांची मुलगी फोन उचलते आणि आधी त्यांच्यावर ओरडून घेते, मग मला देते. म्हणे, पाण्यात उतरायला मनाई आहे तर हे काठावर उभे राहून अर्ध्या शहराला शिव्या घालतात.

एक गोष्ट कळली. ज्याच्यापुढे ‘संपर्क तुटला’ असतं त्याच्यासाठी पायरी उतरत नाही. रेघ तशीच सरळ पुढे जाते, तिच्यावर फक्त एक बारीक उभी खूण येते. आकडेमास्तरांनी समजावलं: तो गेला म्हणता येत नाही, आहे म्हणता येत नाही, म्हणून त्याला हिशोबातून अलगद बाजूला काढायचं. गेले आठ महिने पेन्सिलीची रेघ अशीच सरळ गेलीय, नुसत्या खुणांनी भरलेली. छापलेली रेघ मात्र खाली खाली उतरत गेलीय. दोन्हींच्या मधे चांगली वीतभर जागा आहे.

मी म्हटलं, बघा, तुमचा अंदाज चुकला. ते म्हणाले, आता तुम्ही आलात ना.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

आज माझं कौतुक झालं, तेव्हा लिहून ठेवायला हरकत नाही. एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस सापडले. सगळे जिवंत, बहुतेक कुरकुरे. मोठे डॉक्टर स्वतः खोलीत आले, सगळ्यांसमोर म्हणाले की अशी हजेरी त्यांनी आयुष्यात पाहिली नाही. टाळ्या वाजल्या. मी उगाच विनय दाखवला नाही, टाळ्या माझ्याच होत्या.

आकडेमास्तरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते भिंतीवरच्या बारीक उभ्या खुणा खोडरबराने पुसत होते, एकेक करून. एकोणचाळीस.

गुरुवार, ११ सप्टेंबर

शिंपी गेला. सोमवारी. मंगळवारी एक निवृत्त तिकीट तपासनीस, काल एक बाई, त्या शिवणकामाच्या वर्गाला जायच्या. आज सकाळी मी लाल यादीतल्या एका गवंड्याला फोन केला, तर त्याचा भाऊ म्हणाला, आत्ताच, तासही झाला नाही, तुम्हाला कसं कळलं?

मला कसं कळणार! वहीत ‘नाही’ लिहिलं आणि घरी आले. ताईने पाय चेपून दिले. तिने माझे पाय चेपावेत असे दिवस आलेत. मीच थकून येते.

मोठे डॉक्टर म्हणाले, मॅडम, वय बघा त्यांची, सत्तरी-ऐंशीची माणसं, मनाला लावून घेऊ नका. बरोबर आहे. पण चार दिवसांत चार?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

नऊ. आणि नऊच्या नऊ त्या एकोणचाळिसांतले, मी शोधून आणलेले. आधीपासून ज्यांचा फोन लागत होता त्यांच्यातला एकही नाही. मी दोनदा ताडून पाहिलं. बत्तीस वर्षं निकाल ताडून पाहिलेत, यात माझी चूक होत नाही.

आज दुपारी आकडेमास्तर भिंतीपाशी स्टुलावर चढून पेन्सिल चालवत होते. ती वीतभर जागा भरून आलीय. आठ महिन्यांचा राहिलेला अभ्यास मुलं जशी पंधरा दिवसांत उरकतात, तशी पेन्सिलीची रेघ नऊ पायऱ्या उतरून छापलेल्या रेघेला येऊन टेकलीय. लालही, निळीही. अगदी केसाचंही अंतर नाही.

मी म्हटलं, मास्तर, तुम्ही हे काढता तरी कसं? ते म्हणाले, बाई, मी काढत नाही, मी गिरवतो. एवढं बोलून खोकत बसले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांचा हात गार होता आणि फार थकलेला दिसत होता, माझ्यासारखाच.

गुरुवार, २५ सप्टेंबर

आज त्या बाईला शोधून काढलं, माझ्या आधीच्या. ती आता एका धुलाईच्या दुकानात काउंटरवर असते. मागे वाफेचे ढग, वर हँगरना लटकणारे कोट. पन्नाशीची, सुजरे डोळे. मी चांगली चार वाक्यं घोळवून गेले होते, कामचुकारपणावर. तिने मला बोलूच दिलं नाही. मी कुठून आले ते कळताच तिने हातातला शर्ट खाली ठेवला आणि विचारलं, किती जण सापडले?

मी सांगितलं. अभिमानाने सांगितलं असं नाही, पण जुनी सवय, आवाज आपोआप वर गेला. ती काउंटरला टेकली. म्हणाली, एवढं कशाला शोधायचं हो बाई? लपवले होते मी त्यांना.

मग तिने सांगितलं, कपड्यांच्या घड्या घालता घालता, माझ्याकडे न बघता. तिच्याही पहिल्या वर्षी छापलेल्या तारखेला माणूस जायचा, वही बंद व्हायच्या आत, म्हणजे पाचच्या आत. चुकायचं नाही. कोण जाईल ते सांगता यायचं नाही, पण जायचा तो ज्याच्यापुढे ‘आहे’ असेल त्यांच्यातलाच. एकदा तिने एका म्हातारीला तीन वेळा फोन केला, दर वेळी कुणीतरी उचलून ठेवून दिला, तिने वैतागून ‘संपर्क तुटला’ लिहिलं. पायरीच्या दिवशी म्हातारी वाचली. दुसरंच कोणी गेलं. तेव्हा तिला कळलं. मग फोनवर ज्यांचा दम फुललेला ऐकू येई त्यांच्यापासून ती एकेकाला हरवत गेली; आठ महिने पायरीला कुणी सापडलंच नाही. वर्षभरात उरलेले सगळे हरवून टाकायचे तिने ठरवलं होतं. एक्केचाळीसवर तिची चोरी पकडली गेली आणि नोकरी गेली.

मी म्हटलं, हे सगळं थोतांड आहे. तिने विचारलं, सत्तावीस नंबरही शोधलात? त्या फार गोड बोलायच्या हो.

मी घरी चालत आले. रिक्षा केली नाही. रस्त्यात कुठे थांबले तेही आठवत नाही.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

छापलेल्या रेघेवर आज लाल पायरी होती. मी सकाळपासून कुणालाही फोन केला नाही. ठरवलं, मी विचारणार नाही, मी लिहिणार नाही, बघू काय होतं.

चार वाजून पाच मिनिटांनी एका बाईचा फोन आला. घड्याळजींची सून. म्हणाली, मामंजी तुमचं नाव काढायचे नेहमी, म्हणून म्हटलं कळवावं. दुकानात बसल्या बसल्या. हातात दुसऱ्याचं घड्याळ होतं, ते चालूच होतं.

मी तिला दोन शब्द धीराचे बोलले. मग वहीत ‘नाही’ लिहिलं. अक्षर चांगलं आलं. मला माझ्या अक्षराचा राग आला.

पुढची पायरी निळी. मंगळवार, १४ ऑक्टोबर.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहितेय, तेही शाईने.

कालपासून सुरू केलं. निळी यादी आधी, मग लाल. संपर्क तुटला. संपर्क तुटला. तीन तारखा घालायच्या, तिन्ही खोट्या. पोहण्याचे मास्तर, तुटला. त्यांच्या मुलीचा ओरडणारा आवाज कानात, तरी तुटला. चाळीस झाले, पन्नास झाले. आकडेमास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले, बघत राहिले. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, बाई, जरा लवकर आटपा. आणि पेन्सिल कानावरून काढून खिशात ठेवली.

रात्री जेवताना ताई म्हणाली, छोटे, तुझे हात शाईने माखलेत, शाळेतल्यासारखे.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

सगळे झाले. जे उरले होते ते सगळे हरवले. माझ्या हाताने.

दुपारी मोठे डॉक्टर वही घेऊन आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मीही बोलले असते. ते हसत होते. म्हणाले, मॅडम, बाकीचे एक वेळ मानू, पण तुमच्या बहिणीचा संपर्क तुटला? तुमच्या घरातून? गेल्या आठवड्यात तपासणीला आल्या होत्या, माझ्याशी पाऊण तास बोलल्या!

त्यांनी स्वतःच्या पेनाने सत्तावीस क्रमांकापुढे ‘आहे’ लिहिलं. सही केली.

म्हणाले, तुम्ही थकलात, आता आराम करा. उद्यापासून नवीन बाई येतील, फार मेहनती आहेत, त्या एकेकाला पुन्हा शोधतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला माणूस आहे. मी त्यांना भिंत दाखवली, तारखा दाखवल्या, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकताना माझी नाडी बघितली.

आता निळ्या यादीत ‘आहे’ एकच आहे.

बाकी सगळ्यांना मी बाजूला केलं आणि तिला एकटीला त्या पायरीवर उभं करून आले.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आकडेमास्तरांना जिन्यात गाठलं. विचारलं, मार्ग काय? म्हणाले, नियम तोच. तीन दिवस, तीन फोन कोरे. मग डॉक्टरांनाही ‘आहे’ ठेवता येत नाही. आज एक, सोमवारी एक, मंगळवारी एक. मंगळवारी पाचला वही बंद होते. तोवर तुमच्या ताईंनी फोन उचलायचा नाही. खरंच उचलायचा नाही, बाई. नुसतं लिहून या वेळी भागणार नाही.

आजचा फोन अकराला आला. घरच्या फोनची तार मी काढून टाकली होती, तर ताईच्या मोबाइलवर आला. मोबाइल मी तिच्या हातातून घेतला. ती म्हणाली, अगं, कोण आहे? मी म्हटलं, कर्ज देणारे. वाजू दे.

वाजून वाजून थांबला. एक.

रविवार, १२ ऑक्टोबर

ताई बरी आहे. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. गुणगुणतेय.

तिला सांगून पाहिलं. सगळं नाही, थोडं. तिने माझ्या कपाळाला हात लावला. म्हणाली, छोटे, तू नोकरी केलीस तीच चूक झाली, या वयात कशाला जिवाला घोर. मग म्हणाली, आणि समजा जायचंच असलं तर त्या बिचारीचा फोन घेतला काय, न घेतला काय?

मी भांडले तिच्याशी. सहा वर्षांनी मोठी आहे, तरी भांडले. मग रडले. तीच समजूत घालत बसली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दुसरा फोन. दहा वीस. मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवलाय, झाकण घट्ट — डब्यात घुमत होता. ताई आंघोळीला. थांबला. दोन.

एक गोष्ट लिहायची लाज वाटते. लिहिते.

दुपारी तार परत जोडली आणि पोहण्याच्या मास्तरांचा नंबर फिरवला. एकदा त्यांनी ‘हॅलो’ म्हटलं, की मी नव्या बाईला कळवायचं, ते सापडले, लिहा ‘आहे’. मग निळ्या पायरीवर दोघं. मग कदाचित ताई नाही —

रिंग गेली. दोनदा. मुलगी पलीकडे ओरडत येत होती, ऐकू आलं, किंवा वाटलं.

मी ठेवला. तार काढली.

ठेवला ना? हो. ठेवला.

चार वाजता दाराखालून चिठ्ठी. ‘आम्हाला तुमची काळजी वाटते, कृपया फोन करावा.’ खाली नंबर, सुबक अक्षर. खरंच मेहनती आहे बाई. बारीक फाडून टाकली. ताईने पाहिली नसावी.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

सकाळ. ती उठली. चहा केला. हसली.

अकरा — डबा वाजला. बारा — वाजला. एक — मोजणं सोडलं. दिवसभर न उचलता गेला तर तिसरा कोरा. फक्त पाचपर्यंत.

दोन दहा. ताई म्हणते, श्वास कोंडल्यासारखं होतंय. मग म्हणते, नाही, नाही, तुझ्या तोंडाकडे बघूनच होतंय.

तीन. शांत. तिला पडायला सांगितलं. म्हणाली, शेजारणीची वाटी द्यायची राहिलीय, देऊन येते, दारातल्या दारात. जा म्हटलं. दहा पावलं तर आहेत.

तीन पंचवीस. हातांना काम हवं. अर्ज लिहिते. मी आयुष्यभर अर्जच लिहिलेत.

प्रति, विभागप्रमुख, हृदयविभाग.

महोदय, दि. ९ ऑक्टोबर रोजी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी आपण स्वतःच्या हाताने निळ्या यादीतील क्रमांक सत्तावीस हिच्यापुढे ‘आहे’ असा शेरा मारलात. त्यानंतर दि. १०, १३ व आज दि. १४ असे तीन दिवस केलेले फोन कोरे गेले आहेत. आपल्याच नियमाप्रमाणे तिचा संपर्क तुटला आहे. ती हरवली आहे. तिला हरवलेलीच राहू द्यावी. तशी नोंद आज वही बंद होण्याआधी करून —

वाटी द्यायला एवढा वेळ?

तीन बेचाळीस. भिंतीपलीकडून तिचा आवाज. शेजारणीच्या फोनवर — तिने चिठ्ठी वाचली होती. फाडायच्या आधी वाचली होती —

म्हणतेय, हो हो, मीच ती, माफ करा हं, आमच्या छोटीने — अगदी ठणठणीत आहे मी, तुम्ही कशा आहात —

भिंतीवर थापा मारल्या. ऐकत नाही. हसतेय.

— तशी नोंद करून तिची लेखी पोच मला आज सायंकाळी पाचच्या आत मिळालीच पाहिजे. तोंडी उत्तर चालणार नाही. पाच म्हणजे पाच. आणि तोपर्यंत आपल्या विभागातून कुणीही माझ्या बहिणीला कसं आहे म्हणून विचा —

आवाज थांबला.

वाटी पडल्यासारखं

पाचच्या आत, महोदय, लेखी, पाचच्या